कंप हाताचा का चाकाचा

आमचे हे मोटार चालवायचे. स्वतःची नव्हे, आमच्यात कुठून आली मोटार. हुमनाबादच्या एका तुरीच्या आडत्याची. सगळं गाव त्याला अण्णा म्हणायचं म्हणून आम्हीही अण्णाच म्हणायचो. निजामाचं राज्य होतं, मोठी लढाई लागायची होती, आणि हुमनाबादेत मोटारी बोटावर मोजण्याइतक्या. अण्णांनी हैदराबादेतल्या कुणा जागीरदाराच्या दारातली जुनी मोटार आणली तेव्हाच ती दमून गेलेली होती. वर कापडी टप, बाजूला पितळेचा भोंगा, आणि चाकं लाकडाची. आता नातवंडांना हे सांगितलं की हसतात, आजी थापा मारायलीय म्हणतात. पण तेव्हाच्या बऱ्याच मोटारींच्या चाकांना लाकडाचेच आरे असायचे. मधे लोखंडाचा तुंबा, भोवती रंगवलेले आरे, कडेनं लोखंडाचं कडं आणि त्यावर रबरी टायर. रबर काढलं तर आपल्या बैलगाडीच्या चाकाची शहरात शिकून आलेली बहीण वाटावी.

आमचं घराणं मूळचं मेंढरांमागचं. सासऱ्यांनी मेंढरं विकली आणि भाड्याची बैलगाडी हाकायला घेतली, आणि ह्यांनी बैलगाडी सोडून मोटार धरली. सासऱ्यांना हे अप्पा म्हणायचे, मी मामा म्हणायची. मामांना चाकाचं भारी कळायचं. दारात बसल्या बसल्या सडकेवरनं नुसता खडखडाट ऐकून कुणाची गाडी चालली ते सांगायचे, आणि वर त्या गाडीवाल्याला वंगण घालायची अक्कल नाही हेही सांगायचे.

पण मी लग्न होऊन आले तोवर मामांचे हात गेले होते. गेले म्हणजे होते जागच्या जागी, पण त्यांचं ऐकत नव्हते. एकसारखे थरथरायचे. पाण्याचा तांब्या तोंडापर्यंत जाईतो अर्धा छातीवर. मीच त्यांना आमटीत भाकरी कुस्करून भरवायची. पहिल्यांदा त्यांना लाज वाटायची, मग मी एकदा रागावले, "मामा, तोंड उघडा, माझी अजून भांडी घासायची हायती," तेव्हापासून निमूट खायचे. आमचं दोघांचं चांगलं जमायचं. ते मला कधी सून म्हणाले नाहीत, अक्का म्हणायचे, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं.

त्या साली होळी झाल्यावर हे अण्णांना घेऊन निर्ण्याकडं निघाले होते. वाटेत ओढा. पाणी घोट्याएवढंच, पण गढूळ, आणि पाण्याखाली कुणाच्या गाडीनं पाडलेला खड्डा. पुढचं डावं चाक त्यात गेलं आणि दगडावर आदळलं. एक आरा मोडला. कशीबशी मोटार परत आणली. मोटारीचा आरा हैदराबादेहून मागवायचा तर पावसाळा उजाडला असता, म्हणून गावातल्याच गाड्यांच्या सुताराकडनं नवा आरा करून, बैलगाडीसारखी पाचर मारून बसवला. त्यानं झोकात केला होता. फक्त रंग नव्हता, तेवढा एकच पांढरा दात दिसायचा.

चाक चालायला लागलं, पण वळणावर करकर वाजायचं. अण्णांना तो आवाज सहन होईना. ह्यांनी घरी येऊन सांगितलं, तर मामा हसले. म्हणाले, "येवढंच ना? चाक तहानलंय. भिजू घाल."

आता हे आमच्याकडं कुणालाही विचारा. उन्हाळ्यात लाकूड सुकलं, चाक सैल होऊन बोलायला लागलं की गाडीवाला ते काढतो आणि ओढ्यात नाहीतर विहिरीजवळच्या हौदात बुडवून ठेवतो. लाकूड पाणी पिऊन फुगतं, आरे घट्ट बसतात, आवाज बंद. आमच्या बापजाद्यांनी हेच केलं. मग मोटारीचं चाक काय आभाळातनं पडलं होतं? ह्यांनी रबर उतरवलं आणि चाक हौदात टाकलं. मामा स्वतः काठावर बसून राखण करत होते, जनावरांना पाणी पाजायला आलेल्यांना अभिमानानं सांगत होते की मोटार झाली तरी शेवटी लाकूडच हाय. आणि खरंच, चाक बसवल्यावर करकर गेली. अण्णा खूश झाले. मामा तर पाटलासारखे मिशीवर हात फिरवत होते, म्हणजे हात थरथरत होता, मिशी आपोआप फिरत होती.

मग वैशाख लागला. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक असेल तर सांगायला नको.

ह्यांचं काहीतरी बिनसलंय हे मला आधी जेवणावरनं कळलं. घास मोडायचे आणि ताटातच ठेवायचे. मग एक दिवस बघितलं, पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरला होता. मी गंमत केली. म्हटलं, "अहो, तांब्या काय तान्हं बाळ हाय का, दोन्ही हातांनी उचलायला?" ह्यांनी तांब्या आदळला आणि उठून गेले. आमच्या संसारात आवाज चढवायचं काम माझं, ह्यांचं नव्हे. मी तशीच मागोमाग शेजाऱ्यांच्या कडब्याच्या गंजीआड गेले. तिथं उभे होते आणि आपल्याच हातांकडं बघत होते.

"काय झालंय? सांगा सरळ."

"मला अप्पाचं लागलंय," ते म्हणाले.

मला क्षणभर उमगलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. मोटार जरा पळायला लागली की स्टेअरिंग हातात थरथरायला लागतं. पहिल्यांदा वाटलं मोटारीत बिघाड आहे. त्यांनी चाकांचे नट आवळून बघितले, हवा भरून बघितली, जॅक लावून चाक उचलून बघितलं. सुतारानं बसवलेला नवा आरा तर रोज हलवून बघायचे, तो खांबासारखा घट्ट. मोटारीत काही सापडेना. आणि कल्याणीला जाऊन आलं की घरी येईतो हात थरथरतच असायचे, मुंग्या आल्यागत. तांब्या धरवायचा नाही.

"मोटारीत काही न्हाई," ते म्हणाले, "म्हणजे जे हाय ते माझ्यात हाय. अप्पाचंबी असंच सुरू झालं. आधी कासरा धरला की हात थरथरायचा, सोडला की थांबायचा. मग थांबायचाच बंद झाला."

डरायवरचे हात गेले तर राहिलं काय? आमच्याकडं ना शेत, ना मेंढरं, ती बैलगाडीसुद्धा केव्हाच गेलेली. पण खरं सांगू, मला त्या घटकेला पोटापाण्याचं सुचलंच नाही. या माणसाचा मोटारीवर किती जीव होता ते मला माहीत होतं. सकाळी तिला पुसायचे ते माझ्याकडं बघितलं नसेल तितक्या निगुतीनं. मी त्यावरनं किती भांडले असेन त्याला गणती नाही.

मी म्हटलं, "दुसऱ्या डरायवरला चालवून बघायला सांगा की. बसचे डरायवर येतात, एखाद्याला म्हणा."

"आणि त्यानं म्हणावं, ष्टेरिंग चांगलं हाय, हात तुजाच हलायलाय? बाजारभर होईल. अण्णा तिथंच किल्ली मागतील."

"अहो, पण हळू चालवल्यावर हलतंय का?"

"न्हाई."

"मग हाताला काय कळतं हळू आन् जोरात?"

"जोरात असली की मनात भ्या वाटतं, म्हणून हलतोय."

घ्या. मन चिंती ते वैरी न चिंती. या माणसाकडं प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार होतं, आणि प्रत्येक उत्तर स्वतःच्याच विरुद्ध. मी घरात गेले, सुई आणि दोरा आणला आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, ओवा. त्या दिवशी मोटार बाहेर निघाली नव्हती, तांब्या नुसता भीतीपोटी दोन्ही हातांनी धरला होता. त्यांनी एका झटक्यात ओवून दिला. मी म्हटलं, "बघा, थरथरणारा हात सुई ओवतो का?" तर म्हणाले, "आज न्हाई थरथरत. सुरुवातीला अप्पाचाबी रोज कुठं थरथरायचा." मी कपाळावर हात मारून घेतला.

आम्ही मामांना यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. पण ज्यानं आयुष्यभर चाकाच्या आवाजावरनं माणूस ओळखला त्याच्यापासून पोराचा हात काय लपणार? आठ-पंधरा दिवसांत मामा बदलले. दारात बसायचे बंद झाले. आपले हात घोंगडीखाली घालून भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. हे घरात असले की जेवायचे नाहीत. हे बाहेर गेल्यावर मी ताट घेऊन बसायची, तेव्हा कुठे चार घास. एक दिवस घास तोंडाजवळ नेला तर तोंड फिरवलं.

"अक्का," ते म्हणाले, "माझ्याकडं द्यायला काय होतं? जमीन न्हाई, जनावर न्हाई. येवढं येकच होतं, तेबी पोराला दिलं."

"मामा, काहीतरीच बोलायलाव तुम्ही."

"खाण तशी माती," म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडं वळले. मी ताट घेऊन चुलीपाशी आले आणि खूप रडले. मला दोघांचाही राग आला होता. एक आपल्या हातांना घाबरला होता आणि दुसरा आपल्या हातांना शिव्या देत होता, आणि मधे मी, धडधाकट हातांची, मला काहीच करता येत नव्हतं.

असं चाललं असताना अण्णांची मंठाळला दिलेली बहीण माहेरी यायची होती. तिला आणायला मोटार रिकामी जाणार होती. माझंही माहेर मंठाळचं. अण्णांच्या बायकोनं आपणहून म्हटलं, हिलाही जाऊ दे, दोन दिवस आईला भेटून येईल. मी पातळ बदललं, हातभर हिरव्या काकणांवर आणखी चार चढवली आणि मागच्या सीटवर बसले. डरायवरच्या शेजारी बाईमाणसानं बसायची रीत नव्हती, मग तो नवरा का असेना.

गाव मागं पडलं, सडक मोकळी झाली, तशी मी म्हटलं थांबवा. उतरले आणि पुढं ह्यांच्या डाव्या बाजूला येऊन बसले. ते बघतच राहिले.

"कुणी बघितलं तर?"

"बघू द्या. तुम्ही पळवा जरा."

ते पळवेनात. मी म्हटलं, आज नाही पळवली तर मी उडी टाकून चालत माहेरी जाईन आणि परत येणार नाही. मी तशी होतेच, त्यांना माहीत होतं. त्यांनी मोटार पळवली. मुरमाची सडक होती, धूळ उडत होती, आणि बघता बघता त्यांचे हात कोपरापर्यंत थरथरायला लागले. चेहरा असा उतरला की मला बघवेना.

"सोडा," मी म्हटलं.

"काय?"

"ष्टेरिंग सोडा. मी धरते."

"येडी झालीस का? झाडावर घालशील."

सडकेला दूरवर झाडच नव्हतं. मी पुढं वाकले आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरलं. मला मोटारीतलं काय कळतंय. पण त्यांनी भीतभीत हात काढले आणि मांडीवर ठेवले, आणि तेवढ्यात माझी काकणं वाजायला लागली. दोन्ही हातांतली, सगळीच्या सगळी. खणखण, खणखण. स्टेअरिंग माझ्या हातात असं थरथरत होतं की दात वाजावेत. मी त्यांच्या मांडीवर ठेवलेल्या हातांकडं बघितलं. ते हात अजून जरासे कापत होते, मग हळूहळू शांत झाले. माझी काकणं मात्र वाजतच होती.

"आता बोला," मी म्हटलं, "मलाबी तुमच्या अप्पाचं लागलं का? मी तर परक्या घरची."

हातच्या काकणाला आरसा कशाला लागतो. त्यांनी मोटार थांबवली, कपाळ स्टेअरिंगवर टेकलं आणि तसेच बसून राहिले. मी पाठीवर हात ठेवला तर पाठ हलत होती. मग मीही रडले. धूळ, घाम आणि पाणी, दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली असतील.

मग उतरून त्यांनी पुन्हा सगळं तपासलं. पण आता नजर वेगळी होती, आता स्वतःवरचा आरोप उठला होता. पुढचं डावं चाक जॅकवर उचललं. कडेच्या रानातनं ज्वारीचं एक धाट आणलं आणि त्याचं टोक टायरच्या अगदी जवळ धरायला मला बसवलं. त्यांनी चाक हळूहळू फिरवलं. टायर एकदा धाटाला घासून जायचा, एकदा बोटभर लांब राहायचा. चाक डुलत फिरत होतं. त्यांनी नवा पांढरा आरा धरला, तो घट्टच होता. मग शेजारचा जुना, रंगवलेला आरा धरून हलवला. तो तुंब्यात खुटखुट वाजला. त्याच्या पलीकडचाही वाजला. नवा तेवढा पाचरीचा घट्ट, बाकी सगळे जुने आरे सैल.

"नव्यावरच संशय घेत बसलो," ते म्हणाले, "जुन्यांना कोण विचारतंय."

आणि मग आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. हौद. मोटारीचं ते रंगवून बंद केलेलं कोरडं लाकूड. त्याला आम्ही बैलगाडीसारखं पाणी पाजलं. ते फुगलं, तुंब्याच्या लोखंडात दाटून चेपलं, करकर थांबली. मग वैशाखाच्या उन्हात सुकून आकसलं, ते आधीपेक्षाही बारीक झालं. बैलगाडीला त्याचं काही वाटत नाही, ती कधी पळते? पुन्हा भिजवायची आणि हाकायची. मोटार पळते, म्हणून तिचं चाक डुलतं आणि डुलणं वर हातात येतं. पुढं सुतारानं आऱ्यांना पाचरी मारल्या, पाण्याऐवजी जवसाचं तेल पाजलं आणि स्टेअरिंग सुतासारखं सरळ झालं, पण ते नंतरचं.

आम्ही तशीच बैलगाडीच्या चालीनं मंठाळ गाठलं. मी आईला दारातनंच भेटले. आई म्हणाली, दोन दिवस राहणार होतीस ना, कामून निघालीस? मी म्हटलं, मला सासऱ्याला भेटायचंय. आईला वाटलं पोरीचं डोकं फिरलं. अण्णांची बहीण मात्र वाटभर कुरकुरली की यापेक्षा बैलगाडी बरी, तिच्यात निदान पाय पसरता येतात.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मामा भिंतीकडं तोंड करून पडले होते. हे त्यांच्याजवळ उकिडवे बसले. मला काळजी होती. म्हातारा चाकातला जाणकार, आयुष्यात कुणी त्याला चाकावरनं बोललेलं नव्हतं, आणि आता पोटचा पोरगा सांगणार की तुमच्या सांगण्यानं मोटारीचं चाक बिघडलं. हे अडखळत अडखळत बोलले. हौदाचं, उन्हाचं, सैल आऱ्यांचं, माझ्या काकणांचं.

मामा वळले.

"म्हणजे हात न्हाई?"

"न्हाई अप्पा. हात बरे हायती. चाक हलायलंय."

"आन् चाक भिजवल्यामुळं हलायलंय?"

"व्हय."

"भिजवायला म्या सांगितलं."

"व्हय अप्पा," हे खाली बघत म्हणाले, "तुम्हीच सांगितलं."

"म्हणजे चूक माझी हाय," मामा उठून बसत म्हणाले. "सारी माझी. तुझ्या हातांत काही न्हाई, माझ्या डोक्यात कमी हाय." आणि ते हसायला लागले. एवढी मोठी चूक पदरात पडल्यावर इतका खूश झालेला माणूस मी पुन्हा बघितला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की अण्णांची मोटार म्या बिघडवली, पोराचा काही दोष न्हाई. खुद्द अण्णांनाही सांगितलं. अण्णा आधी तापले आणि मग त्यांनाही हसू आलं.

पण त्या संध्याकाळी हसणं थांबल्यावर मामा म्हणाले, "दाव." ह्यांनी दोन्ही हात पुढं केले. मामांनी घोंगडीखालनं आपले हात काढले आणि ह्यांचे हात धरले. त्यांच्या हातांत ह्यांचेही थरथरायला लागले. मामा घाबरले आणि पटकन सोडून दिले. ह्यांचे हात तिथल्या तिथं स्थिर. मामांनी डोळे बारीक करून बघितलं. मग पुन्हा धरले. पुन्हा सोडले. ह्यांनी हात तसेच पुढं धरून ठेवले. मी दिवा लावायला उठले, भाकरी थापली, चुलीवर आमटी ठेवली, आणि तोवर मामांचं तेच चाललं होतं. धरायचे, सोडायचे, बघायचे.